घडीतली ओल: माणसाच्या आणि जनावराच्या कातडीच्या घड्या कशा सांभाळायच्या

जुलैच्या मध्यावर करवीर तालुक्यातल्या एका गोठ्यातून बोलावणं आलं. पहिलारू म्हैस, व्यायला बारा दिवस झालेले, आणि धारेला बसलं की लाथ. मालकीणबाई म्हणाल्या, "दगडी झालीय काय बघा डॉक्टर, कासंला हातच लावू देईना." दगडी म्हणजे कासदाह. दूध पाहिलं, स्वच्छ होतं. सडं मऊ, कास गरम नाही. मग मांडी आणि कास यांच्या मधल्या खाचेत हात सरकवला. हात बाहेर आला आणि वासानंच निदान झालं. आतली कातडी भिजलेल्या कागदासारखी पांढुरकी होऊन सुटत होती आणि खाली लालभडक ओलं मांस दिसत होतं.

रात्री जेवताना हे घरात सांगितलं. आई ऐकत होती. वय अठ्ठ्याहत्तर, साखरेचा आजार जुना. ती काही बोलली नाही, पण नंतर स्वयंपाकघरात बायकोला हळूच म्हणाली, "मलाबी तसंच झालंय गं." छातीखालच्या घडीत तीन आठवडे आग होत होती आणि ती रोज आंघोळीनंतर वासाची पावडर थापत होती. मुलगा जनावरांचा डॉक्टर, त्याला कसं सांगायचं? बायकोनं घडी उचलून पाहिली तेव्हा पावडरीच्या राखाडी वळ्या झाल्या होत्या, आणि त्या वळ्याच कातडीला घासत होत्या.

दुसऱ्या दिवशी आईला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी जे करायला सांगितलं ते मी आदल्या दिवशी म्हशीसाठी सांगून आलो होतो, जवळजवळ शब्दाला शब्द. या लेखातलं माणसांविषयीचं बरंचसं मी त्या आजारपणात शिकलो, जनावरांविषयीचं नोकरीत.

घडीत बिघडतं काय

कातडी अंगाला ताणून शिवलेली असती तर हात डोक्यावर गेला नसता आणि वासराला उडी मारता आली नसती. काखेत, जांघेत, मानेवर ती सैल ठेवलेली असते ती हालचालीसाठी. सह्याद्रीतल्या उडत्या खारीनं तर ही सैल कातडी पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत ताणून तिचं पंख केलं. तेव्हा घडी हा दोष नव्हे. अडचण होते ती कातडीला कातडी चिकटून राहते तिथं. घाम उडून जात नाही, ऊब साठते, वरचा थर भिजून फुगतो, फुगलेला थर चालता-बोलता घासून निघतो. मग कातडीवर एरवी निमूट राहणारी बुरशी आणि जंतू त्या उघड्या जागेत पसरतात.

आधी ओल, मग घासणं, मग जंतू हा क्रम लक्षात ठेवा, कारण उपायही त्याच क्रमानं करायचा आहे. आपण उलटं करतो. आधी मलम आणतो आणि ओल तशीच ठेवून तिच्यावर चोपडतो. त्यात कोल्हापूरचा पाऊस! जून ते सप्टेंबर दोरीवरचा कपडा चार दिवस झाले तरी दमटच. तोच अंगात घातला की सकाळीच घडीत ओल भरली म्हणून समजा.

रोजची रीत

आईसाठी बायकोनं बसवलेली ही रीत छातीखाली, पोटाच्या वळीत, काखेत, जांघेत, सगळीकडे चालते.

पहिलं काम घडी उघडण्याचं. माणसाला उताणं झोपवा. छातीची घडी असेल तर त्या बाजूचा हात डोक्याकडे घ्यायला सांगा, म्हणजे अर्धी घडी आपोआप उघडते. उरलेली पालथ्या हातानं वर उचला. बोटांनी कातडी ताणू नका, कारण तळाशी बारीक चीर असेल तर ताणल्यावर ती फाटते आणि आजीबाई पुन्हा हात लावू देत नाहीत. पोट मोठं असेल तर कुशीवर वळवा, वळी स्वतःच्या वजनानं बाजूला होते.

मग मोबाईलची बॅटरी लावून तळापर्यंत बघा, आणि वास घ्या. लाजू नका, नाकाला डोळ्यांच्या आधी कळतं. रोज बघणाऱ्याला फरक लगेच ध्यानात येतो, म्हणून शक्यतो एकाच माणसानं बघावं.

धुणं दिवसातून एकदा पुरे. पाणी कोमट, साबण सौम्य आणि थोडा, तोही पूर्ण निघेल असा. घासणी नको, कढत पाणी नको, लिंबू नको, बादलीत जंतुनाशकाचं टोपण ओतणं तर नकोच. तीन-तीनदा साबण लावून धुणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांची कातडी घाणीनं बिघडलेली नसते, धुण्यानं बिघडलेली असते.

त्यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त वेळा राहून जाणारं: टिपणं. पुसणं वेगळं, टिपणं वेगळं. जुन्या नऊवारीचा किंवा धोतराचा मऊ तुकडा घडीत ठेवायचा, हलकं दाबायचं, उचलायचा, कोरड्या बाजूनं पुन्हा ठेवायचा. टॉवेल खरखरीत असतो, तो लांब ठेवा. टिपून झाल्यावर घडी उघडी ठेवून पंख्याखाली पाच-दहा मिनिटं तसंच पडून राहू द्या. आई या वेळात जप करते. केस वाळवायचं यंत्र वापरायचं असेल तर थंड हवेवरच. साखरेच्या रोग्याला चटका बसलेला पटकन कळत नाही.

शेवटी कातडी आणि कातडी यांच्यात अंतर ठेवायचं. त्याच जुन्या सुती कापडाची एकपदरी पट्टी घडीच्या तळापर्यंत सरकवा आणि तिचं टोक दोनेक इंच बाहेर राहू द्या. बाहेरचं टोक वातीसारखं काम करतं, आतली ओल त्यातून बाहेर येऊन हवेत उडते. पूर्ण आत कोंबलेलं कापड मात्र ओलं बोळं होऊन बसतं आणि त्रास वाढवतं. पट्टी दमट लागली की बदला, पावसाळ्यात दिवसातून तीन-चार वेळाही. कातडी लाल आहे पण फुटलेली नाही, बुरशीही नाही, तर पट्टीऐवजी जस्ताच्या पांढऱ्या मलमाचा पातळ हात चालतो. जाड थर देऊन वर कापड ठेवू नका.

आणि पावडर? कोरड्या कातडीवर ती निरुपद्रवी असेल, पण घडीत ती घाम पिऊन गोळा होते. आमच्या घरातला डबा मी कॅरमबोर्डाला दिला.

साधं घासणं की बुरशी

तीन-चार दिवस ही रीत नेमानं पाळली आणि लाली उतरली, तर ते नुसतं घासणं होतं. दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी सारखी लाली आणि थोडी आग, एवढंच त्याचं रूप.

लाली गडद, ओली, चमकदार असेल आणि मुख्य डागाच्या बाहेर सुट्या लाल पुळ्या दिसत असतील, गावठाणाभोवती वाड्या-वस्त्या असतात तशा, तर ती कँडिडा नावाची बुरशी. साखर वाढलेल्यांत, अंथरुणाला खिळलेल्यांत, प्रतिजैविकांचा कोर्स झालेल्यांत ती हटकून भेटते. आईचं हेच होतं. तिला क्लोट्रिमॅझोलचं एक टक्क्याचं मलम दिवसातून दोनदा दिलं होतं, आणि कातडी स्वच्छ दिसायला लागल्यावरही आठवडाभर चालू ठेवायला सांगितलं होतं. इथंच बहुतेकांचं चुकतं. खाज थांबली की ट्यूब कपाटात जाते आणि पंधरा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न.

कडा उंचावलेली, खवले असलेली, मधून बरी होत बाहेर पसरणारी गोल चकती म्हणजे गजकर्ण. ते जांघेत आणि कमरेच्या नाडीखाली जास्त. घरात एकाला झालं तर सगळ्यांना विचारा, कारण टॉवेल एकच असतो. तपकिरी, फारसा न खाजणारा पट्टा जिवाणूंमुळेही येतो. त्यावर डॉक्टरांनी खास निळसर दिवा धरला की तो प्रवाळासारखा लाल चमकतो. खवले नसलेली गुळगुळीत लाली महिनोन्‌महिने हटत नसेल तर सोरायसिसही असू शकतो. हे भेद घरी बसून करायचे नाहीत. एवढंच जाणा की एकच मलम सगळ्याला लागू पडत नाही.

आता रागाची गोष्ट. खाजेवर म्हणून दुकानातून चिठ्ठीशिवाय जी तीन-चार औषधांची मिश्र मलमं मिळतात, त्यांत बहुधा जोरकस स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज गायब, म्हणून लोक खूष. आत बुरशी मात्र जोमानं वाढते आणि नेहमीच्या औषधाला दाद देईनाशी होते. घडीत हा धोका दुप्पट, कारण बंद जागेत मलम जास्त मुरतं. हाताच्या पुढच्या भागात जेवढं मुरतं त्याच्या चाळीसेक पट अंडकोषाच्या कातडीत मुरतं. कातडी कागदासारखी पातळ होते, जांघेत जांभळट चिरा पडतात, आणि त्या चिरा पुसल्या जात नाहीत. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन असं काही दिसलं तर ती डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घडीत लावू नका.

ताप आला, लाली तासागणिक पसरायला लागली, पू आला, कातडी काळी पडायला लागली, किंवा साखरेच्या रोग्याच्या जांघेत अचानक असह्य दुखून सूज आली तर उद्याची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घडीवरून बाकीचं काय कळतं

मानेमागची, काखेतली कातडी मखमलीसारखी जाड आणि काळी झालेली पुष्कळ पोरांत दिसते. आई म्हणते "मान घासत नाही हा" आणि वजरीनं घासते. तो मळ नसतो. वजन जास्त आणि अंगातलं इन्सुलिन नीट काम करीत नाही, याची ती खूण असते, बरोबर बारीक लोंबत्या चामखिळीही असतात. घासणं थांबवून रक्तातली साखर तपासून घ्या.

पुरुषांनी न बोलण्याची एक जागा म्हणजे शिश्नाची पुढची कातडी. तिथं पुन्हापुन्हा लाली, भेगा, खाज येत असेल तर साखर तपासा. कित्येकांना मधुमेह आहे हे पहिल्यांदा असंच कळतं. लहान मुलाची ही कातडी मागं सरत नसेल तर जोर लावू नका. जन्मतः ती चिकटलेलीच असते, वाढत्या वयात सुटते. मागं सरलेली कातडी पुढं येईना आणि सूज आली, तर मात्र ती तातडीची बाब.

बाळाची मान आणि लंगोट

तान्ह्या बाळाला मानच नसते, नुसत्या वळ्या. दूध ओघळतं ते त्यात साठतं आणि दोन दिवसांत दह्याचा आंबूस वास. बाळाला मांडीवर उताणं घ्या, खांद्यांखाली दुपट्याची छोटी घडी सरकवा. डोकं किंचित मागं जातं आणि वळ्या उघडतात. ओल्या सुती कापडानं एकेक वळी टिपा, मग कोरड्यानं. पाजल्यावर काखा आणि मांड्यांच्या वळ्यांवरूनही हात फिरवा. न्हाऊ घालणाऱ्या मावशी डाळीचं पीठ लावत असतील तर ते वळीत राहिलेलं नाही एवढं बघा. तान्ह्याला पावडर नकोच, ती श्वासातून छातीत जाते.

लंगोटाच्या जागी लाली आली तर एक साधी खूण. मांड्या, कुल्ले, फुगीर भाग लाल आणि वळ्यांच्या आतली कातडी चांगली, तर शी-शूच्या ओलीनं पोळलेलं आहे. लंगोट लवकर बदला, जस्ताचं मलम लावा, दिवसातून थोडा वेळ उघडं ठेवा. वळीच्या आतही लाल आणि भोवती त्या वाड्या-वस्त्या, तर बुरशी. मग डॉक्टर.

चिखल्या आणि लंगोट, पण पैलवानाचा

राधानगरी, गगनबावड्याकडं भातलावणीच्या दिवसांत पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या नाहीत असं घर नसेल. बहुधा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मधे सुरुवात होते. शेतातून आल्यावर पाय धुणं सगळेच करतात, बोटं एकेक फाकवून टिपत कोणी नाही. रात्री बेचक्यात कापसाची सैल वात ठेवा आणि बुरशीचं मलम लावा. मेंदीला माझा विरोध नाही, पण भेगेत ती थापून सकाळी परत चिखलात उतरणं म्हणजे काय! साखर असलेल्या माणसाच्या चिखल्या हसण्यावारी नेऊ नका. त्याच भेगेतून जंतू शिरतात आणि पाय गुडघ्यापर्यंत लाल होऊन सुजतो.

तालमीतल्या पोरांना एकच सांगणं. लंगोट दोन ठेवा, रोज धुवा, उन्हात वाळवा, दुसऱ्याचा घालू नका. आणि अंगावर गजकर्ण असताना हौद्यात उतरू नका, माती सगळ्यांची असते.

म्हशीची कास

आता त्या गोठ्याकडं परत. पहिलारू म्हशीची किंवा गाईची कास व्याल्यावर ताठ भरते, मांडीला घासते, मधे ओल आणि शेण. दुसरी जागा कासेच्या पुढच्या टोकाला, दोन भागांच्या मधल्या चिरेत. ती वरून दिसतच नाही, धार काढणाऱ्याचं तिकडं लक्षही जात नाही.

उपचार धार काढून झाल्यावर करायचा, म्हणजे औषध दुधात जात नाही. मागचे पाय बांधा, कोणीतरी डोक्याशी उभं राहून खाजवत राहू दे. कास आणि आतल्या मांडीचे केस बोथट टोकाच्या कात्रीनं भादरा. केस ओल आणि शेण धरून ठेवतात, ते निघाले की अर्धं काम होतं. पोव्हिडोन आयोडिनचे काही थेंब कोमट पाण्यात टाका, फिक्या चहाचा रंग येईपर्यंत, आणि त्यात भिजवलेल्या कापडानं खाच धुवा. आपसूक सुटणारी मेलेली कातडी तेवढी काढा, चिकटलेली ओढू नका. मग टिपा. कापड कोरडं बाहेर येईपर्यंत टिपा. डॉक्टरांनी दिलेलं मलम पातळ लावा. हे रोज, दोन आठवडे तरी. त्या म्हशीला सतरा दिवस लागले. चौथ्या दिवशी लाथ बंद झाली तेव्हा मालकीणबाईंनी उपचारच थांबवला होता आणि मला पुन्हा जावं लागलं होतं.

बोट खोल आत जात असेल किंवा चिरेतून रक्त येत असेल तर घरी काही करू नका. कासेच्या पुढं दुधाची मोठी शीर असते, जखम तिथपर्यंत पोचली तर जनावर रक्तस्रावानं जाऊ शकतं. माश्या बसून किडे पडले तर तेही डॉक्टरांचं काम. जळकं ऑइल, फिनेल, चुना यांतलं काहीही घडीत घालू नका. सगळं घालून झाल्यावर मला फोन येतो, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव.

म्हशीला पाण्यात घालू नका असं मात्र मी म्हणणार नाही. तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथी कमी, अंग निववायला तिला पाणी लागतंच. पाण्यातून आल्यावर कासेमागची खाच एकदा टिपा आणि बसायची जागा कोरडी ठेवा. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची मिरवणूक काढताना शिंगं रंगवायला आपण दोन तास देतो, त्यातली दोन मिनिटं या खाचेला द्यायला हरकत नाही.

पोळी वाचायला शिका

बैलाच्या गळ्याखाली लोंबते ती पोळी. गाय कशी ओळखावी हे सांगताना संस्कृत पंडितांनी तिलाच पुढं केलं, सास्ना हा त्यांचा शब्द. आपल्या खिल्लाराची पोळी हलकी, गीरची भरघोस, म्हशीला जवळपास नाहीच.

सैल कातडीत पाणी चटकन उतरतं, म्हणून पोळी आणि जबड्याखालची जागा हे जनावराचं सूचनाफलक. फुगलेली दिसली तर अंगठा पाच सेकंद दाबून ठेवा. अंगठा उचलल्यावर मळलेल्या कणकेसारखा खळगा राहिला, तर आत पाणी आहे. पावसाळ्यात गळा सुजून तीव्र ताप, घशात घरघर असेल तर घटसर्प समजा, तासाचाही उशीर नको, एका दिवसात जनावर दगावतं. लस पावसाळ्याआधीच द्यायची असते. पोळीवर सूज, मानेच्या शिरा ताठ, जनावर उतारावर चालायला तयार नाही, असं असेल तर चाऱ्यातून तार किंवा खिळा पोटात जाऊन काळजाच्या आवरणापर्यंत पोचल्याचा संशय घ्या. नुसती जबड्याखाली थैली आणि जनावर खंगत चाललेलं, तर पाणथळ जागी चरणाऱ्यांच्या यकृतात चपटे जंत असतात, शेण तपासा. २०२२ च्या लम्पीच्या साथीतही गाठींबरोबर पोळी आणि पाय सुजलेली जनावरं आपण सगळ्यांनी पाहिली.

गोचीड बघायचं तर पाठ कुरवाळून उपयोग नाही. पोळीच्या चुण्या, कानाच्या आत, शेपटीखाली, पुढच्या पायांच्या काखा आणि कास, या पाच जागा चाचपा. चिमट्यानं मुळाशी धरून सरळ ओढा, उघड्या बोटांनी चिरडू नका. बेंदराला बैल धुताना हे आपसूक होतं, पण बेंदूर वर्षातून एकदाच येतो.

शेळीच्या गळ्याला दोन लोलक असतात, त्यांना काही काम नाही. संस्कृतात निरुपयोगी गोष्टीला त्यावरूनच अजागलस्तन म्हणतात, आपला अजागळही त्याच कुळीतला असं सांगतात. दुखत नसतील तर कापू नका.

कुत्री-मांजरं

आपल्या करवानी कुत्र्याची कातडी ताणून बसवलेली, त्याला घडीचा ताप नाही. तो शहरातल्या पग जातीच्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला. नाकावरची घडी दोन बोटांनी उघडा, कोमट पाण्यात पिळलेल्या कापसानं एका दिशेनं पुसा, कोरड्या कापसानं टिपा. डोळ्यातून पाणी वाहत असेल तर ते आधी थांबवायला हवं, नाहीतर घडी कधीच कोरडी होणार नाही. ओठांच्या आणि शेपटीखालच्या घड्याही बघा. कुत्र्याच्या कानाच्या बाहेरच्या कडेला, खालच्या बाजूला, कातडीचा एक चिमुकला खिसा असतो. गोचीड तिथं बिनधास्त लपतं आणि मालक म्हणतो, सगळं अंग बघितलं.

मांजराच्या मागच्या पायांपुढं लोंबणारी पोटाची झोळी पाहून लोक घाबरतात. ती जन्मजातच असते.

चिमटीतली घडी

आता आपण होऊन पाडायची घडी. हगवण लागलेल्या वासराच्या मानेवर बाजूनं कातडीची चिमूट घ्या, अलगद पिळा, सोडा आणि मनात मोजा. दोन सेकंदांच्या आत सपाट झाली तर ठीक. त्याहून वेळ लागला तर पाणी कमी झालंय, मीठ-साखरेचं पाणी सुरू करा. सहा सेकंद गेले, डोळे खोल गेले, दूध ओढेना, तर सलाईनशिवाय वाचणार नाही.

लहान मुलाला जुलाब झाले असताना हीच चिमूट पोटावर, बेंबी आणि कूस यांच्या मधोमध घ्यायची. चिमूट अंगाच्या उभ्या रेषेत धरा, आडवी धरली तर फसगत होते. बोटांची टोकं नकोत, अंगठा आणि तर्जनी पूर्ण वापरा. दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी उभी राहिली तर ताबडतोब दवाखाना. फार रोड मुलात ती एरवीही उशिरा बसते आणि गुटगुटीत मुलात पाणी कमी असूनही लवकर बसते, म्हणून मूल पितंय का, डोळे, शू हेही बघा. म्हाताऱ्या माणसाच्या हातावर ही परीक्षा करू नका, तिथली कातडी तशीच सैल असते.

फाटून लोंबणारा पदर

काटेरी तारेत म्हैस अडकली, पत्र्यानं हात कापला, की कातडीचा एक पदर लोंबायला लागतो. पहिली ऊर्मी कात्रीची होते. कापू नका. पदर एका बाजूनं जोडलेला असेल तोवर तिथून रक्त येतं, आणि रक्त येतं तोवर तो जिवंत.

हे पुण्याजवळच्या एका कारागिरानं सव्वादोनशे वर्षांपूर्वी दाखवलं. त्याचा रोगी होता कावसजी नावाचा, इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा गाडीवान. १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. त्या कारागिरानं मेणाचा नाकाएवढा तुकडा केला, तो कपाळावर सपाट पसरून आखून घेतलं, तेवढी कातडी सोडवली. दोन्ही भुवयांच्या मधे एक अरुंद पट्टी मात्र जोडलेली ठेवली. मग तो पदर फिरवून नाकाच्या जागी बसवला आणि वर पाण्यात भिजवलेल्या काताच्या पट्ट्या ठेवल्या. भुवयांमधली ती कातडीची पट्टी कापली ती पदर पूर्ण जगल्यावर, पंचवीसेक दिवसांनी. लंडनच्या जंटलमन्स मॅगझिननं ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत छापली आणि तिथल्या सर्जननी ती वाचून हे तंत्र उचललं.

आपल्याला एवढं करायचं नाही. स्वच्छ कापडानं दाबून रक्त थांबवा. उकळून गार केलेल्या पाण्यानं जखम धुवा. ओल्या कापसाच्या बोळ्यानं पदर हळूच लाटून मूळ जागी आणा. पुरला नाही तर ताणू नका, उरलेली जागा उघडी राहिली तरी चालेल. ओलसर स्वच्छ गॉज ठेवा, सैल पट्टी बांधा आणि काही तासांत टाक्यासाठी पोचा. हाता-पायावर ज्या पदराचं मूळ धडाच्या बाजूला असतं तो लवकर जगतो, मूळ पंजाकडं असेल तर टोक काळं पडायची भीती जास्त. धनुर्वाताचं इंजेक्शन राहू देऊ नका. कुत्रं चावून कातडी फाटली असेल तर गोष्ट वेगळी: वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, घट्ट बांधू नका, आणि रेबीजची लस त्याच दिवशी.

म्हाताऱ्यांची कातडी तर खाटेच्या कडेला नुसती घासली तरी सोलून येते. आईची गेल्या दिवाळीत आली, कोपराखाली, रुपयाएवढी. चिकटपट्टी लावायची नाही, ती काढताना उरलेली कातडीही घेऊन येते. पॅराफिनची जाळी, वर गॉज, वर गुंडाळायची पट्टी. बायकोनं पट्टीवर पेनानं तारीख घातली आणि एक बाण काढला, पदराच्या मुळाकडून टोकाकडं. पट्टी त्याच दिशेनं सोडायची, म्हणजे बसलेला पदर उलटा उचकटत नाही. पाचव्या दिवशी ती माहेरी गेलेली होती, पट्टी मला सोडवायची होती, आणि आई हात पुढं करून म्हणाली, "बाण बघ आधी."